सूर्याच्या अंतरंगाचा वेध : विजयदुर्ग ते कुलाबा

प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर ज्या विवरात वसलेले आहे, त्या विवराच्या उत्पत्तीविषयी भूवैज्ञानिकांत दीर्घकाळ मतभेद होता. इ. स. १८२३ मध्ये अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या स्थळाची नोंद केली. त्यानंतर सुमारे दीडशे वर्षे हे ज्वालामुखीचे मुख आहे की अशनीच्या आघाताने पडलेला खड्डा आहे, यावर लिहिले जात राहिले. अखेर विवराच्या तळाशी वेधनछिद्रे घेण्यात आली, वर आलेले खडक सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले आणि प्रचंड आघाताशिवाय निर्माण होऊच शकत नाहीत अशा काचसदृश द्रव्याच्या खुणा त्यांत सापडल्या. १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हा निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर वाद बहुतांशी मिटला. जे खोदून पाहता येते त्याविषयीही निर्णय व्हायला इतका काळ लागतो. मग १५ कोटी किलोमीटर अंतरावर असलेल्या आणि स्वतःच्या पोटातील प्रकाशही सरळ बाहेर येऊ न देणाऱ्या सूर्याच्या अंतर्भागाविषयी खात्रीने काही सांगता येईल, अशी अपेक्षा कोणत्या आधारावर करावी?

हा आधार सूर्याच्या नैसर्गिक दोलनांनी पुरविला. या दोलनांच्या अभ्यासाला सौरकंपनशास्त्र असे म्हणता येईल. भूकंपाच्या तरंगांवरून पृथ्वीच्या गाभ्याची माहिती मिळते, त्याच धर्तीवर सूर्याच्या पृष्ठभागाच्या थरथरीवरून त्याच्या आतील रचना उलगडणे हे या शास्त्राचे कार्य होय. या शास्त्राच्या जडणघडणीत मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मोलाची भर घातली आहे. तथापि मराठी विज्ञानलेखनात या कार्याची दखल क्वचितच घेतली गेली. उलट सूर्य आणि महाराष्ट्र यांचा संबंध सांगताना एक वेगळीच, ऐतिहासिकदृष्ट्या सदोष अशी कथा वारंवार उद्धृत केली जाते. प्रस्तुत लेखात आधी त्या कथेची छाननी करून नंतर मुंबईतील कार्याचा परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे. दोहोंना जोडणारा धागा हेलियम या मूलद्रव्याचा आहे.

विजयदुर्गाची कथा

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग किल्ल्यावर काही चौथरे आहेत. स्थानिक लोक त्यांना ‘साहेबाचे कट्टे’ म्हणतात. १८ ऑगस्ट १८६८ रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकयर या इंग्रज शास्त्रज्ञाने या चौथऱ्यांवर दुर्बिणी रोवून हेलियमचा शोध लावला, असे वृत्तपत्रांतून, पर्यटन-पुस्तिकांतून व क्वचित पाठ्यपूरक पुस्तकांतूनही सांगितले जाते. त्या निमित्ताने १८ ऑगस्ट हा दिवस तेथे साजराही होतो. या उत्साहाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही, परंतु तारखा तपासल्या असता ही कथा टिकत नाही.

१८६८ च्या ग्रहणाचा खग्रास पट्टा कोकण किनाऱ्यापासून विजापूर, गुलबर्गा, गुंटूर या मार्गाने पूर्व किनाऱ्यावरील मच्छलीपट्टणपर्यंत गेला होता. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सेन गुंटूरला होते. मद्रास वेधशाळेचे पॉगसन मच्छलीपट्टणला होते. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल हे रॉयल सोसायटीच्या वतीने वर्णपटदर्शक घेऊन गेले होते. ज्या हर्शेल घराण्याने युरेनसचा शोध लावला, त्यातील हे तिसऱ्या पिढीचे. सूर्यबिंबाच्या कडेवर उसळलेल्या ज्वालांच्या वर्णपटात हर्शेल यांना तांबडी, नारिंगी व निळी अशा तेजस्वी रेषा दिसल्या. त्यांतील नारिंगी रेषा सोडियमच्या ‘डी’ रेषेच्याच जागी असावी असे त्यांना वाटले. त्या दिवशीच्या बहुतेक निरीक्षकांचीही अशीच समजूत झाली. हेलियम त्या दिवशी अनेकांना ‘दिसला’, पण कोणालाही ‘ओळखता’ आला नाही.

लॉकयर त्या वेळी भारतात नव्हते, ते इंग्लंडमध्ये होते. ग्रहणाविनाही सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट घेता येईल, ही कल्पना त्यांना आधीच सुचली होती. त्यासाठी मागविलेले उपकरण हाती पडायला मात्र ऑक्टोबर उजाडला. २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांनी लंडनमधून, भर दिवसा, ग्रहण नसताना त्या रेषा पाहिल्या. गुंटूरला जान्सेन यांनी ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी हीच युक्ती साधली होती. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच बैठकीत वाचली गेली, हा योगायोग विज्ञानेतिहासात प्रसिद्धच आहे. पुढील अभ्यासात लॉकयर यांच्या लक्षात आले की, नारिंगी-पिवळी रेषा सोडियमच्या दोन रेषांच्या जवळ असली तरी त्यांच्याशी जुळत नाही. सोडियमच्या रेषा ५८९.० व ५८९.६ नॅनोमीटर या तरंगलांबींवर येतात, तर ही नवी रेषा ५८७.६ वर होती. पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याची ती नव्हती. सूर्याच्या ग्रीक नावावरून या अज्ञात द्रव्याला हेलियम हे नाव पडले. १८९५ मध्ये विल्यम रॅम्झी यांना ते एका युरेनियमयुक्त खनिजात सापडेपर्यंत अनेक रसायनशास्त्रज्ञ त्याच्या अस्तित्वाविषयी साशंकच होते.

मग विजयदुर्गाचे कट्टे कोणाचे? ते लॉकयर यांच्याच पथकाचे आहेत, परंतु ते त्यानंतर तीस वर्षांनी झालेल्या ग्रहणाचे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी लॉकयर विजयदुर्गास आले होते. ‘मेल्पोमीनी’ या युद्धनौकेवरील खलाशांना त्यांनी निरीक्षणाच्या कामाला लावले होते. तोवर हेलियम ओळखला जाऊन, त्याचे नाव पडून, पृथ्वीवरही सापडून तीन वर्षे झालेली होती. दोन ग्रहणांची स्मृती लोकमानसात एकत्र मिसळली आणि १८९८ चे चौथरे १८६८ च्या शोधाचे स्मारक होऊन बसले.

वऱ्हाडातील तळणी

१८९८ चे ग्रहण मात्र महाराष्ट्राच्या दृष्टीने खरोखर महत्त्वाचे होते. मुंबई-पुण्यात प्लेगने थैमान घातले होते, रँडच्या वधाला सहा महिने उलटले होते आणि अशा काळात जगभरचे खगोलशास्त्रज्ञ रत्नागिरी किनाऱ्यापासून वऱ्हाड-नागपूरपर्यंतच्या पट्ट्यात ठिकठिकाणी तळ देऊन होते. सोलापूर जिल्ह्यातील जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल होते. तेथेच पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांचेही पथक होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभी राहिलेली पुण्याची तख्तसिंगजी वेधशाळा नायगमवाला चालवीत. १९१२ मध्ये ती बंद होऊन तिची साधने कोडाईकनालला गेली आणि पुण्यातील सूर्यनिरीक्षणाचा हा अध्याय संपला. एका महाविद्यालयाने सांभाळलेली वेधशाळा एका प्राध्यापकाच्या निवृत्तीबरोबर संपावी, ही गोष्ट आजच्या महाविद्यालयांनीही लक्षात घेण्यासारखी आहे.

ब्रिटिश अॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या एका पथकाने आपला तळ वऱ्हाडात, तळणी येथे दिला होता. (तळणी नावाची गावे आपल्या भागात एकाहून अधिक आहेत. येथे अभिप्रेत आहे ते अमरावती जिल्ह्यातील, धामणगावजवळच्या लोहमार्गावरील गाव.) वॉल्टर माँडर व त्यांच्या पत्नी अॅनी माँडर या पथकात होत्या. अॅनीबाईंनी स्वतःच्या लहानशा कॅमेऱ्याने सूर्याच्या किरीटातील, त्या वेळपर्यंत छायाचित्रात उतरलेला सर्वांत लांब असा किरणझोत टिपला. याच पथकातील जॉन एव्हरशेड यांनी ग्रहणक्षणी झळकून जाणाऱ्या वर्णपटाची उत्कृष्ट छायाचित्रे घेतली.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने एव्हरशेड यांचे नाव अधिक महत्त्वाचे आहे. पुढे ते कोडाईकनालला आले आणि जानेवारी १९०९ मध्ये तेथे त्यांनी सूर्यडागांच्या कडेच्या भागातील वायू बाहेरच्या दिशेने वाहत असल्याचे दाखविले. त्यांचे साधन होते डॉप्लर परिणाम. प्रकाशाचा उगम आपल्याकडे येत असेल तर वर्णपटातील रेषा निळ्या बाजूला, दूर जात असेल तर तांबड्या बाजूला किंचित सरकते. सूर्याच्या पृष्ठभागावरील हालचाल इतक्या दुरून वेगात मोजण्याचा हाच एकमेव मार्ग होता. सूर्याची दोलने सापडली तीही याच मार्गाने, अर्धशतकानंतर.

पाच मिनिटांचे स्पंदन

१९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन वेधशाळेत रॉबर्ट लेटन व त्यांचे सहकारी सूर्याच्या पृष्ठभागावरील वायूंचे वेग याच पद्धतीने मोजत होते. पृष्ठभागाचा कोणताही लहान तुकडा घेतला तरी तो खाली-वर हेलकावे घेतो आणि एका हेलकाव्यास सुमारे पाच मिनिटे लागतात, असे त्यांना आढळले. लेटन, नॉइस व सायमन यांचा यासंबंधीचा निबंध १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रारंभी ही पृष्ठभागापुरतीच खळबळ आहे, तळाच्या उकळीमुळे पाण्यावर उमटणाऱ्या तरंगांसारखी, असे मानले गेले. १९७० मध्ये रॉजर उल्रिक यांनी आणि १९७१ मध्ये लीबाखर व स्टाइन यांनी वेगळे स्पष्टीकरण दिले. हे हेलकावे सूर्याच्या पोटात कोंडल्या गेलेल्या ध्वनितरंगांचे दृश्य रूप आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. १९७५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ डॉयब्नर यांच्या निरीक्षणांनी ते सिद्ध झाले.

ध्वनितरंग कोंडले कसे जातात हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व विवेचन त्यावरच आधारलेले आहे. सूर्यात खोल जावे तसे तापमान वाढते आणि तापमानाबरोबर ध्वनीचा वेगही वाढतो. तिरक्या दिशेने खाली जाणाऱ्या तरंगाचा खालचा भाग वरच्या भागापेक्षा जलद धावतो, त्यामुळे तरंग हळूहळू वळत जाऊन पुन्हा वर येतो. वर पृष्ठभागाशी घनता एकाएकी घटते आणि तेथे तो परतविला जातो. अशा रीतीने तो एका ठराविक खोलीच्या आणि पृष्ठभागाच्या दरम्यान फिरत राहतो. काही तरंग उथळच वळतात, काही अभिसरणाच्या स्तराच्या तळापर्यंत पोहोचतात, थोडे गाभ्यापर्यंत जातात. प्रत्येक सुराची वारंवारता ही तो जेवढ्या थरातून फिरला तेवढ्या थरातील ध्वनिवेगावर अवलंबून असते. खोल जाणाऱ्या सुरातून उथळ सुराचा वाटा वजा केला की मधल्या थराची माहिती हाती उरते.

बाजारात मडके घेताना आपण ते बोटाने वाजवून पाहतो. आवाजावरून ते पक्के भाजले आहे की कोठे चीर गेली आहे हे कळते, फोडून पाहावे लागत नाही. सूर्याच्या बाबतीत फरक इतकाच की, हे मडके एका वेळी लाखो सुरांत वाजते आणि त्याचे सूर मानवी कानाच्या कक्षेपेक्षा सुमारे तेरा सप्तके खाली आहेत. एकेका सुराने पृष्ठभाग हलतो तो सेकंदाला फार तर वीसेक सेंटिमीटर वेगाने. सात लाख किलोमीटर त्रिज्येच्या गोलावरील एवढी हालचाल मोजायची, तीही वारंवारतेचा अचूक आकडा काढता येईल इतका काळ सलग, हे सोपे काम नव्हते. मुख्य अडचण रात्रीची होती. एका जागेवरून पाहिले तर दररोज सूर्य मावळतो, नोंदीत खंड पडतो आणि त्या खंडामुळे खऱ्या सुरांच्या आजूबाजूला खोटे सूर उमटतात.

यावर फ्रेंच व अमेरिकन शास्त्रज्ञांनी काढलेला पहिला तोडगा म्हणजे दक्षिण ध्रुव. १९७९-८० च्या उन्हाळ्यात, जेव्हा तेथे सूर्य मावळतच नाही, त्यांनी सलग पाच दिवसांची नोंद मिळविली. दुसरा व टिकाऊ तोडगा म्हणजे पृथ्वीभोवती वेधशाळांची साखळी. ‘गाँग’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकल्पाने कॅलिफोर्निया, हवाई, ऑस्ट्रेलिया, भारत, कॅनरी बेटे आणि चिली अशा सहा ठिकाणी एकसारखी उपकरणे बसविली. ऑक्टोबर १९९५ पासून हे जाळे कार्यरत झाले. भारतातील केंद्र राजस्थानात, उदयपूरच्या सौर वेधशाळेत आहे. अरविंद भटनागर यांनी फतेहसागर तलावातील बेटावर ही वेधशाळा उभारली, कारण सभोवतालच्या पाण्यामुळे तेथील हवा दिवसाही स्थिर राहते. त्याच वर्षी २ डिसेंबरला ‘सोहो’ हे अवकाशयान सूर्याकडे निघाले. सौरकंपनशास्त्राला भरपूर व अखंड सामग्री मिळण्यास सुरुवात झाली ती अशी.

कुलाब्यातील कार्य

या सामग्रीचे चीज करण्याची तयारी मुंबईत त्याआधी जवळजवळ दोन दशके चालू होती. शशिकुमार मधुसूदन चित्रे यांचा जन्म १९३६ साली मुंबईत झाला. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते केंब्रिजला गेले. तेथील डॉक्टरेटनंतर इंग्लंड व अमेरिकेत काही वर्षे अध्यापन-संशोधन करून १९६७ मध्ये ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले आणि २००१ पर्यंत तेथे राहिले. कुलाब्याच्या टोकाशी, समुद्राला लागून असलेल्या या संस्थेत सूर्याची एकही मोठी दुर्बीण नव्हती. होते ते कागद, संगणक आणि गणित जाणणारे सहकारी. त्यांत एच. एम. अंतिया हे प्रमुख. भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गांना संख्यात्मक पद्धती शिकविणाऱ्या अनेक प्राध्यापकांना अंतियांचे नाव त्या विषयावरील जाडजूड ग्रंथामुळे ठाऊक असते. त्या ग्रंथातील पद्धतींचा कस त्यांनी सूर्यावरच लावला होता, हे मात्र सहसा ठाऊक नसते.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात चित्रे, अंतिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच मिनिटांच्या दोलनांना ऊर्जा कोठून मिळते, या प्रश्नाला हात घातला. सूर्याच्या बाह्य थरातील अभिसरण आणि उष्णतेचे वहन यांमुळे ध्वनितरंग आपोआप वाढत जातात, म्हणजे ते मूलतःच अस्थिर असतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे वैज्ञानिकांत वेगळे मत रूढ झाले. त्यानुसार दोलने स्वतःहून वाढत नाहीत. अभिसरणातील प्रक्षुब्ध वायूंचे अनियमित आघात त्यांना सतत चेतवीत राहतात, टपटप पडणाऱ्या पावसाने पत्रा वाजत राहावा तशी. तेव्हा मुंबई गटाचा हा पहिला सिद्धांत टिकला नाही. असे असले तरी त्या निमित्ताने सूर्याच्या प्रतिकृतीतील दोलनांच्या वारंवारता अचूक काढण्याची पद्धत या गटाने पक्की केली, आणि निरीक्षणे येऊ लागल्यावर तीच कामी आली.

येथे हेलियमकडे पुन्हा वळले पाहिजे. १८६८ मध्ये हेलियमची रेषा दिसली ती सूर्याच्या कडेबाहेरील तप्त ज्वालांत. सूर्याच्या प्रत्यक्ष पृष्ठभागाच्या वर्णपटात हेलियमच्या शोषणरेषा उमटत नाहीत, कारण त्या उमटण्यास लागणाऱ्या ऊर्जेच्या मानाने पृष्ठभागाचे सुमारे ५,८०० केल्व्हिन तापमान अपुरे पडते. १९२५ मध्ये सिसिलिया पेन यांनी तारे मुख्यतः हायड्रोजन व हेलियम यांचेच बनलेले असल्याचे गणिताने दाखविले, परंतु ते इतके अनपेक्षित होते की आपल्याच आकड्यांवर त्यांना पूर्ण विश्वास ठेवता आला नाही. सूर्यात हेलियम आहे एवढे निश्चित, पण नेमका किती आहे हे प्रकाशावरून थेट ठरविण्याचा उपाय नव्हता. ज्या तारकीय वायूचे नावच सूर्यावरून पडले, त्याचे सूर्यातील प्रमाण मोजता येऊ नये, हा विचित्र प्रकार होता.

ध्वनीने तो उपाय दिला. पृष्ठभागापासून त्रिज्येच्या सुमारे दोन टक्के खाली असा एक थर आहे, जेथे हेलियमच्या अणूतील दुसरा इलेक्ट्रॉनही सुटा होतो. तेथे वायू दाबला असता दिलेली ऊर्जा तापमान वाढविण्याऐवजी काही अंशी इलेक्ट्रॉन सोडविण्यात खर्ची पडते. परिणामी वायूचा ताठरपणा किंचित कमी होतो आणि ध्वनिवेगाच्या आलेखात त्या खोलीवर एक लहानसा खळगा-उंचवटा निर्माण होतो. हेलियम जितका अधिक, तितका तो ठळक. केंब्रिजचे डग्लस गॉफ यांनी १९८० च्या दशकात ही कल्पना मांडली. ती वापरून भरवशाचा आकडा काढणे मात्र अवघड होते, कारण उत्तर वायूच्या अवस्था-समीकरणावरही अवलंबून होते. दाब, तापमान व घनता यांचे जे नाते गृहीत धरावे, त्यानुसार हेलियमचे प्रमाण बदलत असे. अंतिया आणि सर्बानी बसू यांनी १९९० च्या दशकात हाच गुंता पद्धतशीरपणे सोडविला. बसू यांनी पुणे विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण घेतले होते आणि १९९३ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली होती. पुढे त्या अमेरिकेतील येल विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. निरनिराळी अवस्था-समीकरणे व निरनिराळ्या गणिती पद्धती एकमेकींसमोर ठेवून या दोघांनी बाह्य थरातील हेलियमचे प्रमाण वस्तुमानाच्या सुमारे २५ टक्के असल्याचे दाखविले. २००४ मध्ये त्यांनी दिलेला आकडा ०.२४८५ असा आहे, आणि त्यातील अनिश्चितता केवळ ०.००३४ इतकी आहे.

या आकड्याचे महत्त्व त्याच्या अचूकतेपुरते मर्यादित नाही. सूर्य जन्मला तेव्हा त्यात हेलियम २७-२८ टक्के असला पाहिजे, असे तारकीय उत्क्रांतीच्या गणिताने निघते. मग उरलेला कोठे गेला? तो खाली बसला आहे. जड अणू गुरुत्वाकर्षणामुळे अतिशय संथ गतीने केंद्राकडे सरकतात, आणि साडेचार अब्ज वर्षांत बाह्य थरातून तेवढा हेलियम खाली उतरला. गढूळ पाणी माठात ठेवले की गाळ तळाशी बसतो, तशीच ही क्रिया, केवळ कल्पनातीत संथ. ध्वनितरंगांनी मोजलेले प्रमाण हे या निवळण्याचे प्रत्यक्ष प्रमाण ठरले. याच गटाच्या कामाचा दुसरा ठळक भाग म्हणजे अभिसरण स्तराच्या तळाचे स्थान. बसू व अंतिया यांनी १९९७ मध्ये ते केंद्रापासून सूर्यत्रिज्येच्या ०.७१३५ पट अंतरावर असल्याचे सांगितले. लोणारच्या तळाशी खडक कोठे सुरू होतो हे ठरविण्यास छिद्रे घ्यावी लागली. येथे दोन लाख किलोमीटर खोलीवरची सीमा काही शेकडो किलोमीटरच्या अचूकतेने, काहीही न खोदता ठरली.

न्यूट्रिनोंचा तिढा

१९६८ पासून सूर्यशास्त्रावर एक गंभीर आक्षेप उभा होता. अमेरिकेतील होमस्टेक येथील सोन्याच्या खाणीत रेमंड डेव्हिस यांनी सुमारे ३ लाख ८० हजार लिटर क्लोरीनयुक्त द्रावण भरलेल्या टाकीत सूर्यातून येणारे न्यूट्रिनो पकडण्याचा प्रयोग चालविला होता. (खाणीत न्यूट्रिनो शोधण्याची कल्पना आपल्याकडेही नवी नव्हती. कोलारच्या सोन्याच्या खाणीत टाटा संस्थेच्या शास्त्रज्ञांनी सहभागी होऊन १९६५ मध्ये वातावरणात उपजणारे न्यूट्रिनो नोंदविले होते.) डेव्हिस यांना अपेक्षेच्या केवळ एक-तृतीयांश न्यूट्रिनो मिळत. याचा अर्थ दोहोंपैकी एक होता. एक तर सूर्याचा गाभा आपण समजतो त्यापेक्षा थंड आहे, किंवा न्यूट्रिनोंविषयीचे आपले ज्ञान अपुरे आहे. पदार्थवैज्ञानिकांचा कल सहाजिकच पहिल्या पर्यायाकडे होता. खगोलशास्त्रज्ञांचे तापमानाचे अंदाज चुकले असतील, असे म्हणणे त्यांना सोयीचे होते.

अंतिया व चित्रे यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यात या प्रश्नाची उलट बाजूने तपासणी केली. सूर्याची नेहमीची प्रतिकृती ही त्याच्या साडेचार अब्ज वर्षांच्या इतिहासाविषयीची अनेक गृहीतके घेऊन बनते. त्यांनी ती गृहीतके बाजूला ठेवली आणि दोलनांवरून मिळालेला ध्वनिवेग व घनता यांपासून सुरुवात करून गाभ्यातील तापमान व रासायनिक घडण काढली. घडणीत वा किरणांना होणाऱ्या अडथळ्यात वाटेल तसे बदल करून पाहिले, तरी निरनिराळ्या प्रयोगांतील न्यूट्रिनोंच्या संख्या एकाच वेळी जुळविणे शक्य होईना. निष्कर्ष स्पष्ट होता, दोष सूर्याच्या प्रतिकृतीत नसून न्यूट्रिनोंच्या भौतिकशास्त्रात आहे. जगातील इतर सौरकंपन-गटही स्वतंत्र मार्गांनी याच निर्णयाशी आले होते. २००१-०२ मध्ये कॅनडातील सडबरी येथील जड पाण्याच्या प्रयोगाने तो खरा ठरविला. सूर्यापासून निघालेले न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलतात. सर्व प्रकार मिळून त्यांची संख्या सूर्यशास्त्राने सांगितली तेवढीच भरते. न्यूट्रिनोंना वस्तुमान असते हे यातून मान्य झाले, आणि २०१५ चे नोबेल पारितोषिक त्यासाठीच दिले गेले.

प्रस्तुत लेखकाच्या मते मुंबई गटाच्या कार्यातील हा सर्वांत धाडसाचा भाग होय. आकडा अधिक अचूक काढणे निराळे, आणि कणभौतिकीसारख्या प्रतिष्ठित शाखेला तिची चूक तिच्याच अंगणात शोधायला सांगणे निराळे. चित्रे यांना २०१२ मध्ये पद्मभूषण सन्मान मिळाला. निवृत्तीनंतरही मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरातील मूलभूत विज्ञान केंद्रात ते पदवीच्या विद्यार्थ्यांना शिकवीत राहिले. ११ जानेवारी २०२१ रोजी त्यांचे निधन झाले. बसू यांना २०१८ मध्ये अमेरिकन खगोल संस्थेच्या सौरविभागाचे हेल पारितोषिक लाभले.

न मिटलेला वाद

कुलाब्यात हे कार्य पुढेही चालू राहिले. २०२२ मध्ये श्रवण हनसोगे यांचा सहभाग असलेल्या गटाने दोन दशकांहून अधिक काळच्या सामग्रीतून सूर्याच्या परिवलनाच्या उलट दिशेने धावणारे, भोवऱ्यांच्या स्वरूपाचे नवे तरंग शोधले. त्यांचा वेग गणिताने अपेक्षित असलेल्या वेगापेक्षा बराच अधिक निघाला आणि त्याचे समाधानकारक कारण देणे कठीण गेले. २०२३ मध्ये सोडलेल्या ‘आदित्य-एल१’ या भारतीय यानावर पुण्याच्या ‘आयुका’ने घडविलेली अतिनील दुर्बीण आहे, परंतु पृष्ठभागाची दोलने मोजणारे डॉप्लर उपकरण त्यावर नाही. तेव्हा सूर्याच्या अंतर्भागासाठी भारतीय संशोधक परदेशी उपग्रहांची आणि उदयपूरसह ‘गाँग’च्या जाळ्याची सामग्री वापरतात. ही सामग्री कोणालाही विनामूल्य उपलब्ध असते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही एक साधा संगणक आणि चिकाटी एवढ्या भांडवलावर ती उघडून पाहता येईल.

हेलियमचा प्रश्न सुटला, पण त्याहून जड मूलद्रव्यांचा प्रश्न त्यानंतर लगेच उभा राहिला. २००४-०५ मध्ये मार्टिन आस्प्लुंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी सूर्याच्या पृष्ठभागाच्या वर्णपटाचे नव्याने विश्लेषण करून कार्बन, नायट्रोजन, प्राणवायू इत्यादींचे प्रमाण पूर्वीपेक्षा बरेच कमी असल्याचे जाहीर केले. जड मूलद्रव्यांचा एकूण वाटा ०.०१७ वरून ०.०१२२ वर आला. या नव्या आकड्यांनी सूर्याची प्रतिकृती बनविली की अभिसरण स्तराचा तळ ०.७१३ ऐवजी ०.७२८ वर सरकतो आणि हेलियमही २३ टक्क्यांपर्यंत घसरतो. म्हणजे ध्वनितरंगांनी पक्क्या केलेल्या दोन्ही गोष्टी बिघडतात. अंतिया व बसू यांनी २००६ मध्ये वर्णपट बाजूला ठेवून केवळ दोलनांवरून जड मूलद्रव्यांचा वाटा काढला. तो ०.०१७२ आला, म्हणजे जुन्याच आकड्याशी जुळला.

तेव्हापासून प्रकाशाची साक्ष एक आणि ध्वनीची दुसरी, अशी स्थिती आहे. २०२० मध्ये इटलीतील बोरेक्सिनो प्रयोगाने गाभ्यातील कार्बन व नायट्रोजन यांच्या अभिक्रियांतून येणारे न्यूट्रिनो प्रथमच नोंदविले आणि हा वाद मिटविण्याचे तिसरे साधन उपलब्ध झाले. त्याचा कल जुन्या, अधिक प्रमाणाकडे आहे, परंतु निर्णायक म्हणण्याइतका नाही. २०२१ मध्ये आस्प्लुंड यांच्या गटाने आपला आकडा थोडा वाढवून ०.०१३९ केला. २०२२ मध्ये दुसऱ्या एका युरोपीय गटाने त्याच वर्णपटाच्या स्वतंत्र विश्लेषणातून तो बराच अधिक काढला. सूर्यातील प्राणवायूचे प्रमाण हा इतर ताऱ्यांच्या घडणीसाठीही मोजमापाचा पाया असल्याने, या दोन आकड्यांपैकी कोणता धरायचा यावर दूरच्या ताऱ्यांची वयेही बदलतात.